कपाटातला उजेड

"कपाटात लावायचाय," बुद्धप्रिया म्हणाली, तसा दिव्यांचे खोके काढणारा वीरण्णाचा हात फळीवरच थांबला. विजेच्या दुकानातल्या त्या स्टुलावर चहा पीत बसलेल्या धोंडप्पानंही मान वळवली.

ते कपाट आता गावभर ठाऊक झालं होतं. महिनाभर तिच्या माडीवरच्या खोलीतून जांभळा उजेड रस्त्यावर पडत होता. कुणीतरी पोलीस चौकीत फोन केला, की भीमनगरातली ती शेतकी शिकलेली पोरगी कपाटात गांजा लावून राहिली. परवा सकाळी दोन पोलीस वर चढले. कपाटात निघाली मिरचीची अन् वांग्याची रोपं. एका हवालदारानं चार पानं चुरगाळून हुंगली, वायर ओढून दिवा खाली पाडून फोडला, अन् पुन्हा असले धंदे दिसले तर बघून घेऊ असं सांगून दोघं उतरले. चूक झाली, असं कुणी म्हटलं नाही.

दोन दिवसांत रोपं उजेड शोधत नुसती उंच सुटली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर माना टाकल्या असत्या. बाहेर पत्र्यावर ठेवावीत तर त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. तिच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, आणि अर्ध्या वाट्याच्या बटईनं मागायला गेली तेव्हा तिचं आडनाव ऐकल्यावर प्रत्येकाला रान आधीच कबूल केलेला आपला पुतण्या आठवला होता. शेवटी भीमनगरातल्या बारा बायांनी गायरानात वाफे करून ठेवले, अन् त्या आता हिच्या रोपांची वाट बघत होत्या.

वीरण्णानं एक खोका पुढं सरकवला. जांभळ्या उजेडाचाच दिवा, वर ठसठशीत शंभर वॅट लिहिलेलं. नर्सरीवाले हाच नेतात, तो म्हणाला.

बुद्धप्रियानं पिशवीतून वीज मोजायचा छोटा मीटर काढला, बोर्डात खोचला आणि दिवा लावायला सांगितलं. आकडा अडतीस वॅटवर जाऊन थांबला. वीरण्णानं खोका फिरवून पुन्हा वाचला. मग हॅलोजन लावून झाला. त्याच्याखाली तिला मिनिटभर तळहात धरवेना. पांढऱ्या एलईडी पट्ट्या आहेत का, तिनं विचारलं. दोन फुटी, वीस वॅटच्या. तीन कंपन्यांच्या निघाल्या. मोबाईल खाली धरून तिनं एकेकीचा उजेड मोजला, आणि तेवढ्याच विजेत सगळ्यांत जास्त उजेड देणाऱ्या दोन बाजूला काढल्या. कपाटाच्या दोन खणांना दोन. दुपारी लाईट गेली तरी घरचा जुना इन्व्हर्टर एवढं ओढेल.

धोंडप्पाचं समोरच बी-खताचं दुकान होतं. जांभळ्या दिव्यात रोप जोमानं येतं, असं कंपनीची माणसं सांगतात, तो म्हणाला. येतं ना, बुद्धप्रियानं मान्य केलं. पण त्या उजेडात पान काळं दिसतं. कोणतं पिवळं पडलं, कोणतं मुरडलं, काही कळत नाही.

धोंडप्पा हसला. "पांढऱ्यात पोलिसालाबी दिसंल मग."

"दिसू द्या. दिसावं म्हणूनच घेऊन राहिले."

धोंडप्पानं कप खाली ठेवला. वीरण्णानं बिलबुक ओढलं आणि आवाज उतरवला. खिडकीला जाड पडदा लावून घे, असं त्यानं सुचवलं. माणूस वाईट नव्हता. दिवा फुटल्याचं ऐकून तोही हळहळला होता. पण ती हळहळ दुकानाच्या आत राहिली होती.

"ताई, बिलावर नाव नको घालायला," तो म्हणाला. "उद्या चौकशी निघाली तर..."

बुद्धप्रियाच्या छातीत धडधडत होतं. परवापासून जिन्यात पाऊल वाजलं की ते सुरू व्हायचं. तिनं बोर्डातला मीटर काढून पिशवीत टाकला.

"अण्णा, नाव घाला. बुद्धप्रिया धम्मानंद सोनकांबळे. राहणार भीमनगर. अन् खाली लिवा, कपाटातल्या मिरचीसाठी."

पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग वीरण्णानं लिहिलं, सगळं, तिनं सांगितलं तसं. न सांगता दुकानाचा शिक्का उचलला. तो एकदा नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा दाबला.

पट्ट्या तिनं कागदात गुंडाळू दिल्या नाहीत. दुकानामागच्या बोळातून भीमनगर पाच मिनिटांवर होतं. ती मोठ्या रस्त्यानं निघाली, दोन्ही पट्ट्या खांद्यावर टाकून.

चौकीच्या ओट्यावर परवाचाच हवालदार खुर्चीत बसला होता, दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून. त्यानं आधी पट्ट्यांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तो काही विचारायच्या आत तीच थांबली.

"साहेब, आज चारपासून दिवा चालू व्हायलाय. उजेड पांढरा हाय. खिडकीला पडदा मी लावायची न्हाई, खालून समदं दिसतंय. कुणाचा फोन आला तर तसं सांगा."

हवालदारानं पाय खाली घेतले. तिनं बिल पुढं धरलं. त्यानं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं अन् परत दिलं. तिनं घडी घालून पिशवीत ठेवलं, पट्ट्या पुन्हा खांद्यावर घेतल्या.

"अन् बघायला यायचं असंल तर या," ती म्हणाली. "फक्त बूट जिन्यात काढा. खाली फरशीवर रोपं ठिवलेली असत्यात."