मधला तारा

"भाऊ, मी काही वाटणी मागायला आलेलो नाही," गिरधर म्हणाला. तो वाटणीच मागायला आला होता. पण जळगावच्या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून थेट बोलायची सवय सुटली होती.

असोद्याच्या मळ्यात थोरले जीवरामभाऊ विळ्याने केळीची पिलं कापत होते. बुंध्याशी फुटलेली पिलं वेळीच कापली नाहीत, तर मधल्या केळीचा घड पोसत नाही. मधला भाऊ तोताराम पाटाचं पाणी वळवत होता. आई, झुंबरबाई, बांधावर भाकरीचं फडकं सोडून बसली होती. चिखलात बूट घालून उभा होता तो एकटा गिरधर.

मळ्याला विहीर एकच. तुकडा परक्याला विकला की परका पाण्यावर हक्क सांगणार, आणि उरलेली केळी वाळणार. हे गिरधरलाही कळत होतं. पण जळगावात बंगल्याचा पाया खणून झाला होता आणि हिस्सा विकल्याशिवाय तो भरणार नव्हता. शिवाय सातबारा भाऊंच्या नावावर, व्यवहार भाऊंच्या हातात, गावात मान भाऊंना. हे तोंडावर कसं बोलायचं? गिरधरने आभाळाच्या आडून दगड मारायचं ठरवलं.

"आभाळातही असंच असतं, भाऊ. मोठा तारा एकटा जन्मत नाही. वायूचा, धुळीचा ढग असतो, त्यात भावंडांची ही गर्दी. त्यातला जो मधे बसतो," इथे त्याने भाऊंकडे पाहिलं, "तो भोवतालचं सगळं ओढून घेतो. कडेचे बारीकच राहतात. मग मोठा असा पेटतो, की त्याच्या तेजाने उरलासुरला ढगही उडून जातो."

"मंग बारक्यांनी काय खावं?" तोतारामने विचारलं.

"त्यांनी पांगावं. अशी भावंडं एकमेकांपासून दूर जातात, हे आता मोजून पाहिलंय लोकांनी."

"भांडून जाता का रे?" आई म्हणाली.

"नाही गं आई. रीतच आहे ती."

जीवरामभाऊंचा विळा थांबला. दगड बसला होता. भाऊ सावकाश उठले, त्यांनी विळा धोतराला पुसला. आता शिव्या येणार म्हणून गिरधर अर्धं पाऊल मागे सरला.

पण भाऊंचा चेहरा उजळला होता. पोराचा निकाल ऐकून बापाचा उजळावा तसा.

"आये, आयकलं का? वरबी आपल्यासारखंच हाये!" ते म्हणाले. "बाबा काय म्हने? घरात बुंधा एकच पोसाचा. पह्यलं पिलू म्हनून मले कापलं, चौथीच्या शाळेतून. मंग तोतारामले. तुले मधी ठेवला, गिरधर. आन् पाह्य, कसा पेटला तू!"

तोताराम मान डोलवून हसला. त्याच्या हसण्यात काडीचंही विष नव्हतं. गिरधरला ते असतं तर बरं वाटलं असतं. त्याने खाली पाहिलं. बूट चिखलात रुतले होते.

भाऊंनी विळा साऱ्या मळ्यावरून फिरवला.

"आता येवढाच ढग उरला हाये, बाप्पा. कुठून कापू, सांग."