विरजणाची पुट्टी

भिंतीतली भेग भरायला कुंदाने जिवंत पुट्टीचं नवं पाकीट आणलंच नाही. शेजारच्या देशमानेकाकूंनी घरीच वाढवलेल्या पुट्टीतली विरजणासारखी चमचाभर मागून आणली आणि साध्या पुट्टीत कालवली. सकाळी भेग आपोआप बुजली. दुपारपर्यंत खिळ्यांची भोकं बुजली, मग नळाचं तोंड.

नवऱ्याने फोनवर माहिती वाचून दाखवली. "नवी पुट्टी भेग भरली की मरते. विरजण लावून वाढवलेली थांबतच नाही."

कुंदा दाराकडे धावली. दाराच्या कडेची फट हाताला लागेना. खिडकीही गच्च झाली होती.

तिने शेजारची भिंत बडवली. "काकू, बाहेरून आमचं दार फोडा हो."

पलीकडून बारीक आवाज आला. "अगं, मघापासून तुलाच हाका मारतेय मी."