तिघांनीही जिवंत परतावे

पुलावर सतरा प्रेते पडली होती. त्यांतील अकरा एकट्या संपतने पाडली होती. हरिओमने मनोऱ्यावरील बंदूकधाऱ्याचे मस्तक उडवले आणि मार्ग मोकळा झाला.

टेबलावरचा ड्यूटीचा फोन वाजू लागला. तो रोज याच सुमारास वाजत असे. संपतने रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. मग त्याने आपला सैनिक वाळूच्या पोत्यांमागे दडवला, उठून भिंतीपाशी गेला, चार वाजताचे नेमून दिलेले काम उरकले आणि अर्ध्या मिनिटात मोबाइलपाशी परतला.

पाहतो तो, तिसरा गडी पुंजाराम पुलाच्या मध्यावर निश्चल उभा होता. त्याची बंदूक रोखलेली होती, परंतु पाय हलत नव्हते. शत्रूंनी त्याच्या देहाची चाळण केली.

पडद्यावर अक्षरे उमटली: मोहीम यशस्वी. बोनस अपूर्ण.

बोनसची अट एकच होती. तिघांनीही जिवंत परतावे. ही मोहीम दररोज दुपारी साडेतीन ते साडेचार एवढाच वेळ उघडी असे आणि पूल गाठण्यास अर्धा तास लागे. रविवारपर्यंत ज्यांचा बोनस होईल, त्यांनाच पुण्याच्या स्पर्धेत प्रवेश होता. नोंदवलेला गडी बदलण्याची सोय नव्हती. आज शनिवार होता आणि पुंजाराम सलग एकोणिसाव्या दिवशी त्याच ठिकाणी दगड झाला होता.

शहागडच्या टायर दुकानातून हरिओम म्हणाला, "कॅप्टन, हा भेकड मुद्दाम गेम सोडून पळून राह्यला."

संपतलाही तसेच वाटत होते. ड्यूटीच्या त्या खोलीत वर्षभरात त्याला कोणी नावाने हाक मारली नव्हती. खेळात मात्र सातशे माणसे त्याला कॅप्टन म्हणत. पुण्याच्या मंचावर तीच हाक समोरासमोर ऐकावी, एवढीच त्याची इच्छा होती. आपण ड्यूटी सांभाळून अर्ध्या मिनिटात परत येतो, आणि या रिकामटेकड्याला एक पूल ओलांडवत नाही, या विचाराने त्याचे रक्त उसळे. पहिल्या आठवड्यातच त्याने पुंजारामचा आवाज बंद करून टाकला होता. त्याचे लांबलचक संदेश तो न वाचताच पुसून टाकी, आणि हरिओमलाही त्याने तेच करावयास सांगितले होते.

त्या सायंकाळी मात्र दोनच ओळींचा संदेश आला, म्हणून तो वाचला गेला.

"दादा, उद्या माझ्या आखाड्यावर या, केदारखेड्याच्या वाटेला. उद्या बोनस व्हतोच."

संपतने रविवारी आपल्या जागी बदली माणूस बसवला. मोटारसायकलला लोखंडी गज बांधला. रस्त्याच्या कडेचे खांब सवयीने न्याहाळत तो तीन वाजता त्या आखाड्यावर, म्हणजे शेतातील घरी, पोहोचला.

पुंजाराम काटकुळा, पंचविशीचा होता. संपतला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याची आई झुंबरबाई हिने चहा दिला.

"बाबा, रोज तुझंच नाव घेतो ह्यो. आमचा कॅप्टन असा न् आमचा कॅप्टन तसा," ती म्हणाली आणि गुरांकडे निघून गेली.

खोलीत जुना संगणक होता, पंखा होता. बाजेखाली पोत्याने झाकलेले काहीतरी होते. खिडकीबाहेर मोटारीचे पाणी हौदात धो धो पडत होते.

पुंजाराम काही सांगू लागला. संपतने गज भिंतीला टेकवून ठेवला आणि शांतपणे त्याला अडवले.

"बोलायचं न्हाई. खेळायचं. जागेवरून उठला तर हात मोडीन."

पुंजारामने मान डोलावली.

ते त्या दिवशी जसे लढले तसे कधीही लढले नव्हते. हरिओमने दोन चौक्या जाळल्या. पुंजारामने चाकूने चौघांचे गळे कापले आणि संपतला मागून येणाऱ्या गोळीतून वाचवले. चारला तीन मिनिटे उरली असता तिघेही पुलावर होते. तिघेही जिवंत होते.

तेवढ्यात पुंजारामची नजर भिंतीवरील घड्याळाकडे गेली. तो उठला.

"बस खाली," संपत म्हणाला.

"दादा, एकच मिनिट," असे म्हणून तो बाजेकडे वाकला.

गज त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तरीही पुंजारामने डावा हात बाजेखाली घातला. दुसरा घाव त्या हाताच्या बोटांवर पडला, तिसरा खांद्यावर, चौथा तोंडावर. फरशीवर दोन दात आणि रक्त सांडले. मोबाइलमधून हरिओम विचारत होता की कोणीच का हलत नाही. संपत मारीतच राहिला.

मग बाहेर हौदात पडणारी धार बारीक झाली आणि थांबली. पंखा मंदावला. संगणकाचा पडदा काळा झाला.

पुंजारामने मोडक्या हाताने पोते ओढले. खाली कोरा करकरीत बॅटरीचा इन्व्हर्टर होता.

"ह्याचा खटका दाबायचा व्हता, दादा," तो रक्त थुंकत म्हणाला. "कालच आणला. चारला सबस्टेशनवाला आमची लाईन बंद करतो. पाच मिनटं उशिरा कर म्हणून त्याला रोज फोन करून राह्यलो. तो फोन उचलतो न् बाजूला ठेवून देतो."

तो फोन गेली दोन वर्षे संपतच्याच टेबलावर होता.