कोरा कोपरा

निकेतने घरच्या कॉम्प्युटरवर फायरबग नावाचं टूल टाकलं होतं. कुठलीही वेबसाइट उघडली, की तिच्या कोडमध्ये जितक्या चुका, तितका लाल आकडा खाली कोपऱ्यात दिसायचा. त्याचे वडील धर्माजी भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं चेकर होते. पातेल्यावरचा बारीकसा पोचाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि पोराच्या कुठल्याच कामाला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. त्यांना तो लाल आकडा फार पटला.

रविवारी ते स्वतःच बघत बसले. बँकेची साइट उघडली, सात चुका. पेपरची उघडली, एकवीस. मग निकेतने महिनाभर राबून केलेली, उद्या गिऱ्हाइकाला द्यायची साइट उघडली. कोपरा कोरा.

धर्माजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि बायकोला हाक मारली. "अगं, इकडे ये. बँकेला जमलं नाय ते आपल्या पोराने केलंय. एक चूक नाय."

निकेत मान खाली घालून चहा ढवळत राहिला.



चुका निस्तरून थकल्यावर कालच त्याने त्या एका साइटपुरतं टूल बंद करून ठेवलं होतं.