द्राक्षं निघेपर्यंत

डॉक्टरची चिठ्ठी टोपीच्या घडीत सरकवून सहादू ओट्यावर चढला, तोच आतून लंकाबाईने विचारलं की डावा पाय का ओढताय, चप्पल तुटली की माणूस तुटलं.

त्याने चप्पल सांगितली. खोटं नव्हतं, चपलेचा अंगठा खरंच निघाला होता. दवाखान्याची पायरी न दिसल्यामुळे निघाला होता, एवढं त्याने गिळलं.

श्रावण चालू होता. डोळ्यामागच्या नसा सुकत चालल्यात, औषधाने त्या परत यायच्या नाहीत, असं डॉक्टरने सरळ सांगितलं होतं. दिसेल ते माघापर्यंत, फार तर फाल्गुनापर्यंत. शेतकऱ्याने महिने कशाला मोजावे? सहादूने मनात धरलं, यंदाची द्राक्षं निघेपर्यंत.

घरात सांगायचं तर आधी लंकाबाईला सांगावं लागलं असतं, आणि तिथंच त्याची जीभ अडत होती. दिंडोरी रोडवरच्या त्या घरात पान हलायचं ते तिला विचारून. शेजारच्या कुसाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गल्लीतल्या बाया सफरचंदं घेऊन रांगेने गेल्या, तेव्हा लंकाबाई म्हणाली होती, "लोकांची कीव म्हणजे शिळं कालवण. पोट भरतं, पण तोंड आंबतं." अशा बाईच्या पदरात आंधळा नवरा कसा टाकायचा? जन्मभर ताठ चाललेली बाई, तिने उतारवयात याला हाताला धरून न्हाणीत न्यायचं? त्यापेक्षा आहेत तेवढे दिवस गुपचूप बघून घ्यावे, असं त्याने ठरवलं.

मुलगा वाल्मीक आणि सून हर्षाली, दोघं ओझरच्या कारखान्यात. सकाळी त्यांची गाडी गेली की घर या दोघांचं. वाल्मीक काशीचं तिकीट काढतो म्हणाला, तर सहादूने नको म्हटलं. काशी काही याच्यावाचून अडली नव्हती. त्याला बघायचं होतं ते सगळं चार भिंतींतच होतं.

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायचा. लंकाबाई भाकरी थापायची. परातीकडे बघायची तिला गरजच नव्हती. मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, आणि हाताखाली भाकरी आपसूक गोल होत जायची. नाकातली चमकी तव्याच्या वाफेने ओली व्हायची. हे चाळीस वर्षं रोज होत होतं आणि आपण जेवण्यापलीकडे काही केलं नाही, याची त्याला लाज वाटायची.

"गप बसलात म्हणजे बघताय," ती म्हणायची. "काय उगवलंय माझ्या तोंडावर?"

"पीठ लागलंय."

"ते धुऊन जाईल. तुमच्या तोंडाला काय लावावं?"

तिच्या जिभेचा सासरी-माहेरी दरारा होता. सुनेने मिठाचा डबा चार बोटं सरकवला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. या घरात माणसं हलतील, डबे हलायचे नाहीत, हा तिचा कायदा. तांदूळ निवडायचं काम रविवारी सुनेकडे. मालिका ती टीव्हीकडे पाठ करून ऐकायची, रडक्या बायांची तोंडं फुकट मिळाली तरी बघू नयेत म्हणायची. सहादूला पूर्वी या सगळ्याचा राग यायचा. आता तो खुशीत ऐकत बसायचा.

दोनेक वर्षांपासून तिला आणखी एक हौस लागली होती. चारचौघांत नवऱ्याशेजारी कधी न बसलेली बाई संध्याकाळी बागेत चला म्हणायची आणि वाटेत सरळ त्याचा हात धरायची. वाल्मीकने पाण्याच्या नळ्या कशाही टाकल्यात, असं कारण द्यायची. आधी सहादू लाजायचा, कोणी बघेल म्हणून. आता दुपारपासून वाट बघायचा. पासष्टीत त्याला नवं लग्न झाल्यासारखं वाटत होतं.

"सांगा, कसा हाय माल," बागेत ती विचारायची. मास्तरीण परीक्षा घेते तशी.

मग तो सांगायचा. मणी वाटाण्याएवढे झाले. आज मण्यांत पाणी भरलं. आज उन्हाच्या अंगाला पिवळी झाक आलीय, आणि पलीकडच्या बाभळीवर सुगरणीने घरटं सोडून दिलंय. ती "अजून?" म्हणायची. अजून सांगायचं तर अजून बघावं लागायचं, आणि बघता बघता संध्याकाळ लांबायची. उभ्या जन्मात त्याने बाग इतकी कधी पाहिली नव्हती. मालाचा भाव पाहिला होता.

पौषात नजरेच्या कडांनी अंधार आत सरकू लागला. मधोमध ताटाएवढं उरलं, मग वाटीएवढं. त्या वाटीत तो रोज तिचं तोंड नीट बसवायचा आणि बघून घ्यायचा. दुःख व्हायला हवं होतं. होत नव्हतं. आपण पोटभर जेवून उठतोय, असंच त्याला वाटायचं.

माघात पहिला माल निघाला. मजूर क्रेट भरून गेले आणि हे दोघं हातात हात घालून ओळीतून निघाले. दहा पावलांवर सहादूचा पाय नळीत अडकला. तो पडला, आणि हात सोडला नव्हता म्हणून तीही त्याच्यावर पडली. माती मऊ होती. लागलं कोणालाच नाही.

"नळी दिसली नाय का तुम्हाला?" ती म्हणाली.

तो उठला नाही. तसाच मातीत बसून बोलला. "लंके, आता नाय लपवता येत. डॉक्टरनं श्रावणातच सांगितलं होतं. यंदाची द्राक्षं निघाली की मला दिसायचं नाय."

तिच्या तोंडावर काय आहे ते त्याला त्या उजेडात कळेना. हात मात्र तिने काढून घेतला नव्हता.

"अजून कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाय."

"ब्येस केलं," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरची माती झटकू लागली. "पहिले चार महिने लय जड जातात. मग पावलं मोजायची सवय होते, मी शिकवीन. माझं दिसायचं बंद झालं त्याला दोन दिवाळ्या झाल्या."