आतून गोठलेली काच

सकाळचे आठ वाजले तरी चिलीच्या दक्षिण टोकाच्या पुंता आरेनासला उजाडायचं नाव नव्हतं. एलादियो आला, बूट झटकले, सासूच्या गालाला गार गाल लावला आणि टेबलाशी बसला. दोमितिलाबाईंनी नाक वर करून श्वास ओढला. मासळीच्या कारखान्यात रात्रभर राबलेला माणूस. वास कशाचा? कशाचाच नाही.

"जावईबापू, हल्ली मासे अंघोळ करून येतात वाटतं तुमच्या कारखान्यात?"

"नवे एप्रन दिलेत, सासूबाई. पार गळ्यापर्यंत."

"आणि केसांना? तिथंही एप्रन?"

"आई, घोटभर चहा तरी पिऊ दे त्याला," यास्ना पाव भाजता भाजता म्हणाली.

पोरीला दिसत नव्हतं. दोमितिलाबाईंना दिसत होतं. कुणातरी बाईकडे न्हाऊन-धुऊन घरी येतोय मेला. आज एक लांब केस जरी हाती लागला, तरी याची बॅग फाटकाबाहेर. घर त्यांचं होतं, कुणाला विचारायचं नव्हतं.

"गाडीच्या काचेवर पुठ्ठा टाकून येते," त्यांनी बॅटरी उचलली. "नाहीतर परत बर्फ धरेल."

"राहू द्या, मी टाकतो." एलादियो जरा जास्तच चपळाईनं उठला.

"बसा. दमून आलात ना?"

बाहेर गल्लीतल्या सगळ्या गाड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. उत्तरेकडच्या उबदार मुलखातून आलेला शेजारचा नवा भाडेकरू वाफाळती किटली घेऊन आपल्या गाडीकडे निघाला होता.

"ए शहाण्या! उकळतं ओतलंस तर तडकेल ती. खरवड गुमान!"

तो किटली घेऊन माघारी वळला. दोमितिलाबाईंनी जावयाच्या गाडीचं दार उघडलं.

ड्रायव्हरची सीट मागे पाडलेली होती. पार आडवी. सापडलास, त्या म्हणाल्या. बॅटरी फिरवून त्यांनी केस शोधला, टिकलीएवढा लालीचा डाग शोधला. काही नाही. सीटखाली एक लोकरी टोपी, तीही त्याचीच.

मग उजेड पुढच्या काचेवर पडला.

बाहेरून काच स्वच्छ होती. आतून मात्र बर्फानं पिसारा धरला होता, थरावर थर, नखभर जाड. समोरचं दिसावं म्हणून वीतभर भोक खरवडलेलं, आणि त्याचा भुगा तसाच खाली सांडलेला. हीटर गेल्या हिवाळ्यातच मेला होता, पण कारखान्यापासून घरापर्यंत येण्यात एवढा बर्फ धरत नाही. शेजारच्या सीटसमोर नुसती पातळ जाळी होती. जो काही श्वास गोठला होता तो एकाचाच, आणि रात्रभराचा.

त्यांचा नवरा मेंढ्यांचा ट्रक घेऊन माळावर जायचा, ट्रकमध्येच झोपायचा. सकाळी तो परतला की ही असली काच दोमितिलाबाईंनी कितीतरी वेळा खरवडली होती.

म्हणजे बाई नव्हती. बाई नव्हती आणि कामही नव्हतं.

लग्नाच्या दिवशी भर मांडवात, वाइनचा ग्लास हातात धरून त्यांनी पाहुण्यांना ऐकवलं होतं, बिनकामाचा माणूस माझ्या टेबलाशी बसणार नाही. लोक हसले होते. एलादियोही हसला होता.

दोमितिलाबाई पुठ्ठा न टाकताच घरात आल्या. आतल्या खोलीतून त्यांनी नवऱ्याचं मेंढीचं कातडं काढलं आणि जावयाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. त्यानं कपातून नजर वर केली नाही.

"सापडलं का काही, सासूबाई?"

"सापडलं. हे गाडीत ठेव. आणि रात्री काच बोटभर उघडी ठेवत जा. आतून गोठतेय."

एलादियोचा कप टेबल आणि तोंडाच्या मध्येच थांबला. आजवर त्यांनी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"काहीतरीच काय आई!" यास्ना वळली. "रात्रभर कारखान्याच्या आवारात उभी असलेली गाडी. तिची काच कोण उघडी ठेवतं?"

"तुझा बाप ठेवायचा," दोमितिलाबाई म्हणाल्या, आणि जावयासाठी तव्यावर दुसरं अंडं फोडलं.