तिसरी चिठ्ठी

पहिली चिठ्ठी: "आदरणीय सर, आपली वेळ अकरा वाजता संपली आहे. पुढच्या गटाला तबकडी हवी आहे. आपल्याला तसदी देताना वाईट वाटते, तरी कृपया सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

सरांनी ती वाचली, तिची चौपदरी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

दारातून ते पाहून वेळापत्रकवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. आकाशाचं ऐकणारी आणि आकाशाशी बोलणारी ही तबकडी कुणी, कधी, किती वेळ वापरायची, हे बावीस वर्षं त्याच ठरवत होत्या. आकाश अफाट. तबकडी एक. भांडायला अख्खी इमारत.

त्यांच्यामागे धूमकेतूवाली उभी होती. नऊ महिने थांबून तिला तीन तास मिळाले होते. तिचा धूमकेतू आज दोनपर्यंतच टप्प्यात होता; पुन्हा यायला त्याला चारशे वर्षं लागणार होती.

"पाऊण तास गेला हो, बाई." ती रडकुंडीला आली होती.

"तीन चिठ्ठ्या, मग बटण. नियम म्हणजे नियम."

नियम बाईंचाच. पहिली चिठ्ठी लांबलचक, अदबीची. दुसरी एका ओळीची. तिसरीवर नुसता खोलीचा आकडा. मग भिंतीवरचं मुख्य बटण खाली, आणि कुणाचंही काही ऐकून घ्यायचं नाही.

दिवसा दिवे लावायचे नाहीत, हाही त्यांचाच नियम. मोठ्या खिडकीतून येणारं ऊन सरांच्या टेबलावर पसरलं होतं.

दुसरी चिठ्ठी: "सर, आवरा."

"आवरा काय आवरा!" सर उसळले. "तिकडून उत्तर येतंय! तीस वर्षं आम्ही नमस्कार पाठवतोय..."

"उत्तर याआधीही आलंय. दोनदा. दोन्ही वेळा मीच तुम्हाला वेळ वाढवून दिली, मूर्खासारखी."

"पहिलं केवढं होतं, बाई! चाळीस मिनिटं. काय ती अदब! मागच्या महिन्यातलं अर्ध्या मिनिटाचं. ओळख झाली ना आता. ओळखीत माणूस थोडक्यात बोलतो."

"म्हणतात काय ते?"

"ते अजून उलगडलं नाही. पण सूर प्रेमाचा आहे."

"भांडायला निघाले असले तर?" धूमकेतूवालीनं विचारलं.

"कशासाठी? एवढे पुढारलेले लोक! ऊर्जा हवी तर तारे लोळत पडलेत. त्यांना कमी कशाची? टंचाई आपल्याकडे. म्हणून तर एका तबकडीसाठी आपण एकमेकांच्या उरावर बसतो."

"आपण नाही, सर. तुम्ही बसलाय. माझ्या."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "आणि हा नमस्कार पाठवता कुठल्या लहरीवर?"

"अख्ख्या आकाशातली सगळ्यात शांत पट्टी निवडली आम्ही," सर फुशारले. "चिटपाखरू नाही तिथे!"

"आणि तीस वर्षं तुम्ही तिथे भोंगा लावून बसलात. माझ्या वेळापत्रकातले रिकामे रकानेसुद्धा कुणी ना कुणी राखून ठेवलेले असतात, सर."

तेवढ्यात पडद्यावर ठिपके उमटले. सात. मग काहीच नाही.

"बस? एवढंच?" धूमकेतूवाली म्हणाली.

"एवढंच!" सरांनी टाळी वाजवली. "आता तर अगदी घरच्यासारखे!"

बाई तिसऱ्या चिठ्ठीवर खोलीचा आकडा लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"सर, तो नमस्कार बंद करा."

"पाच मिनिटं."

"आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणतेय ना!"

"अहो, पाच मिनिटांनी कुणाचं काय जातंय?"

बाई बटणाकडे धावल्या. वाटेत खुर्ची आडवी आली, ती त्यांनी लाथेनं उडवली.

खोलीत मिट्ट काळोख झाला.

"बाई!" सर किंचाळले. "केलंत ना शेवटी बटण बंद?"

बाईंचा हात बटणापर्यंत पोचलाच नव्हता. पडद्यावर सात ठिपके तसेच लुकलुकत होते. त्यांच्या उजेडात भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. दुपारचे बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि खिडकीत चांदण्या निघाल्या होत्या.